पझल पार्किंगची वार्षिक देखभाल: पाचपैकी दोन तारे

एक तारा त्यांच्या टेक्निशियनला, दुसरा शेवटी पैसे दिले म्हणून. कंपनीचं नाव लिहिणार नाही. तडजोडीच्या कागदावर तशी अट आहे आणि खाली माझी सही आहे. पण घोडबंदर रोडच्या पट्ट्यात ज्यांच्या सोसायटीत पझल पार्किंग, म्हणजे गाड्या थरांवर रचणारं मशीन, आहे त्यांनी हे जरूर वाचावं. वरचं पॅलेट, म्हणजे गाडी उभी करायचा ट्रे, तुमच्या गाडीवर बसलं तर पुढे काय करायचं, हे देखभाल कंपनी काही तुम्हाला सांगणार नाही.

आधी सेवेबद्दल. आमचं पार्किंग तीन थरांचं. तळाची पॅलेट्स आडवी सरकतात, सगळ्यात वरची खाली-वर होतात, मधली दोन्ही करतात. वॉचमन पॅनेलवर नंबर दाबतो, पॅलेट्स सरकतात आणि आपली गाडी खाली येते. वार्षिक करारात महिन्याला एक भेट, ग्रीसिंग, वायर रोपचा ताण, लिमिट स्विच, सेन्सर, सेफ्टी हुक हे सगळं तपासणं, आणि मधे बंद पडलं तर माणूस पाठवणं. स्पेअरचे पैसे वेगळे. भेटी वेळेवर व्हायच्या, हे कबूल करायला हवं. येणारा पोरगा कामाला चोख. ग्रीसचे बोळे इकडेतिकडे टाकायचा नाही, पॅनेलचं दार उघडं सोडून जायचा नाही. ऑफिसचा कारभार मात्र आनंदीआनंद. मेलला उत्तर नाही, फोन केला तर एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर.

गणपती नुकतेच झाले होते. सकाळी वॉचमनने शेजारच्या काकांची गाडी वर चढवली आणि पॅलेट जागेवर बसता बसता मागच्या डाव्या कोपऱ्यात खचलं. त्या कोपऱ्याची वायर रोप सुटली. असं झालं तर पॅलेट धरून ठेवायला कोपऱ्याकोपऱ्याला सेफ्टी हुक असतात, पण तिथला हुक लागलेलाच नव्हता. पॅलेटची कड खाली उभ्या असलेल्या माझ्या गाडीच्या टपावर. मागची काच चुरा, टप खोलगट, डाव्या बाजूचा पत्रा दुमडलेला. गाडीत कुणी नव्हतं, हे नशीब. त्याच जागेवर रोज दुपारी एक आजी नातवाला शाळेतून आणून उतरवतात.

माझी उभी नोकरी एका सरकारी विमा कंपनीच्या मोटार क्लेम खात्यात गेली. त्यामुळे रडारड करण्याआधी हात मोबाईलकडे गेला. हलगर्जीपणाची भरपाई मागणाऱ्याला चार गोष्टी दाखवाव्या लागतात: समोरच्यावर काळजी घेण्याची जबाबदारी होती, ती त्याने पाळली नाही, त्यामुळेच हे घडलं, आणि त्यात आपलं अमुक इतकं नुकसान झालं. हे कुठल्याही वकिलाच्या ऑफिसात पहिल्या पाच मिनिटांत ऐकायला मिळतं. पुढचं मात्र फारसं कुणी सांगत नाही: या चारही गोष्टींचा पुरावा पहिल्या एक-दोन दिवसांतच हाताशी असतो, आणि नंतर तो साफसूफ करून नेला जातो.

नेलाच जात होता. दुपारी कंपनीची गाडी आली, दोन माणसं उतरली, रोपचा तुकडा आणि तो हुक काढून गोणत्यात भरू लागली. ‘मॅडम, वर्कशॉपला दाखवतो.’ मी म्हटलं, दाखवा, पण पार्ट सोसायटीच्या ऑफिसात राहतील, वर्कशॉपवाल्यांनी इथे येऊन बघावं. थोडी वादावादी झाली. सेक्रेटरी आधी ‘जाऊ द्या ना ताई’ म्हणत होते, मग शेजारचे काका माझ्या बाजूने उभे राहिले. काढण्याआधी हुक जागेवर असताना शेजारी फूटपट्टी धरून फोटो काढले, साध्या कागदावर पंचनामा लिहिला, दोन सभासदांच्या आणि त्या दोघांतल्या एकाच्या सह्या घेतल्या, आणि गोणतं ऑफिसच्या कपाटात कुलपात गेलं. सीसीटीव्हीचं फुटेज आमच्याकडे पंधरा दिवसांनी पुसलं जातं, तेही त्याच संध्याकाळी पेन ड्राइव्हवर घेतलं. सोबत कॅमेऱ्याची व्यवस्था बघणाऱ्याकडून हे फुटेज कुठून, कसं काढलं याचं प्रमाणपत्र घेतलं. पूर्वी याला पुराव्याच्या जुन्या कायद्यातल्या कलमावरून ६५-बी म्हणायचे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३. ग्राहक आयोगात पुराव्याचा कायदा इतका काटेकोर लावत नाहीत, पण प्रकरण उद्या दिवाणी कोर्टात गेलं तर हा कागद नंतर मिळवताना नाकी नऊ येतात.

त्या हुकाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण सगळं प्रकरण तिथेच फिरलं. आम्ही एका चार्टर्ड इंजिनिअरला बोलावलं. त्यांनी शाबूत असलेल्या तीन कोपऱ्यांचे हुक दाखवले. तिथे पॅलेटची पिन जिथे टेकते तिथे नखाएवढा भाग घासून चकचकीत झालेला, नाण्यासारखा. रोज दोन-चारदा लोखंडावर लोखंड घासलं की तसं होणारच. मग कपाटातला चौथा हुक काढला. त्यावर गंज सगळीकडे सारखा. चकाकी नावाला नाही. म्हणजे हा हुक त्या दिवशी अचानक चुकला नाही, तो कित्येक महिने लागतच नव्हता. त्यांनी अहवालात हे दोन वाक्यांत लिहिलं आणि शेजारी चारही हुकांचे फोटो लावले. तज्ज्ञाचा अहवाल म्हणजे वीस पानं हवीत असं लोकांना वाटतं. मी क्लेम खात्यात अशी वीस पानी बाडं खूप पाहिलीत, त्यातली बहुतेक पानं मशीनच्या माहितीपत्रकातून उतरवलेली असायची.

पुढे नोटीस दिली. कंपनीच्या वकिलांचं उत्तर आलं ते वाचून जुन्या दिवसांची आठवण झाली, क्लेम नाकारताना आम्हीही असंच लिहायचो. करार सोसायटीशी आहे, तुमच्याशी नाही. पार्किंगमध्ये ‘वाहन मालकाच्या जबाबदारीवर’ असा बोर्ड आहे. बटण सोसायटीच्या वॉचमनने दाबलं. रोप तुटणं हा आकस्मिक बिघाड आहे, आमचा काय दोष झाला ते तुम्ही सिद्ध करा.

‘करार तुमच्याशी नाही’ हे उत्तर जवळजवळ शंभर वर्षं जुनं आहे, आणि त्याचा निकालही लागलेला आहे. स्कॉटलंडमधल्या पेझ्ली गावात १९२८ च्या ऑगस्टमध्ये एका बाईला तिच्या मैत्रिणीने कॅफेत जिंजर बीअर पाजली. बाटली गडद रंगाची, आतलं दिसत नव्हतं. अर्धी संपल्यावर उरलेली ओतली तर त्यातून कुजलेली गोगलगाय आली, असं त्या बाईचं म्हणणं. पैसे मैत्रिणीने दिलेले, म्हणजे बाईचा करार ना दुकानदाराशी ना कारखानदाराशी. तरीही १९३२ साली लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी ठरवलं की आपल्या चुकीचा फटका ज्याला बसेल हे आधी कळण्यासारखं आहे, त्याची काळजी घेणं हे कर्तव्यच, करार असो-नसो. गंमत म्हणजे बाटलीत खरंच गोगलगाय होती का, हे कोर्टात कधी सिद्ध झालंच नाही, त्याआधीच प्रकरण मिटलं. आमच्याकडे तर याहून सोपं: ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सेवा ज्याने विकत घेतली त्याच्याबरोबर, त्याच्या संमतीने तिचा लाभ घेणाराही ग्राहकच. पार्किंगची देखभाल सोसायटीने कुणासाठी घेतली होती, कबुतरांसाठी?

बोर्डाचं प्रकरण थोडं नाजूक. सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०१९ मध्ये दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलातून चोरीला गेलेल्या गाडीबद्दल निकाल दिला: व्हॅले पार्किंगला किल्ली घेतली की गाडी तुमच्या ताब्यात आली, ‘मालकाच्या जबाबदारीवर’ असं पावतीवर छापून स्वतःच्या हलगर्जीपणातून सुटता येत नाही, आणि काळजी घेतली होती हे हॉटेलनेच दाखवायचं. आमचे उत्साही खजिनदार हा निकाल घेऊन नाचत होते. पण आमच्याकडे किल्ली आपल्याच खिशात असते, गाडी आपण लावतो. तो निकाल जसाच्या तसा इथे लागेल असं मला तरी वाटत नव्हतं, म्हणून त्यावर भिस्त ठेवली नाही. बोर्ड कुणी लावला एवढंच विचारलं. तो बिल्डरच्या काळातला, त्यावर देखभाल कंपनीचं नावही नाही.

आता ‘दोष सिद्ध करा’. इथेच सामान्य माणूस घाबरतो. मशीन त्यांचं, ड्रॉइंग त्यांच्याकडे, कार्ड आणि प्रोग्रॅम त्यांचा; आपण काय सिद्ध करणार? यावर कायद्यात फार जुना तोडगा आहे. लिव्हरपूलला १८६३ च्या सुमारास रस्त्याने जाणाऱ्या माणसाच्या अंगावर दुकानाच्या वरच्या मजल्यावरून पिठाचं पिंप पडलं. ते कसं सुटलं याचा एकही साक्षीदार नाही. न्यायाधीश म्हणाले, पिंपं आपोआप खिडकीतून पडत नसतात, दुकानदाराने खुलासा करावा. वकील याला लॅटिनमध्ये ‘रेस इप्सा लोक्विटर’ म्हणतात. एरवी काळजी घेतली तर न घडणारी गोष्ट, आणि घडवणारी वस्तू समोरच्याच्या ताब्यात, एवढं दाखवलं की पुढचं त्याने बोलायचं.

आपल्याकडचं उदाहरण आमच्या प्रकरणाला जास्त जवळचं होतं. दिल्लीत चांदणी चौकात टाउन हॉलसमोर महापालिकेचा घंटाघर होता. तो कोसळून माणसं मेली. पालिकेचा बचाव हाच, की आतला दोष बाहेरून दिसत नव्हता. सुप्रीम कोर्टाने १९६६ साली तो फेटाळला. बांधकाम ऐंशी वर्षांचं, तसल्या चुन्याचं आयुष्य चाळीस-पंचेचाळीस वर्षांचं, आणि त्याची नीट तपासणी केल्याचं काही दाखवता येईना. दोष दडलेला होता म्हणून सुटका नाही, दडलेले दोष शोधण्यासाठीच तर तपासणी करायची. देखभाल कंपनीला हे वाक्य फ्रेम करून द्यायला हवं.

पण या तत्त्वावर सगळा भार टाकणाऱ्यांना एक सांगते: ‘ताबा’ या ठिकाणी ते पिंप गळतं. आमचं पॅनेल वॉचमन चालवतो. कंपनी म्हणणार, ताबा सोसायटीचा. तेव्हाच्या औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात १९६३ साली नसबंदीनंतर एका बाईच्या पोटात टॉवेल राहिला आणि ती दगावली. तिथेही डॉक्टर कोण, नर्स कोण, टॉवेल नेमका कुणाकडून राहिला, असाच घोळ होता. सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये राज्य सरकारला जबाबदार धरलं, कारण सगळे त्याचेच नोकर. आमच्यात मात्र वॉचमन एकाचा आणि टेक्निशियन दुसऱ्याचा. म्हणून नुसतं ‘पॅलेट पडलं, बोला आता’ म्हणून भागणार नव्हतं. फुटेजमध्ये वॉचमनने नेहमीप्रमाणे नंबर दाबलाय, हात मागे घेतलाय, आणि पॅलेट वर जाऊन थांबल्यावर खचलंय, हे सेकंदासेकंदाने दिसतं. त्याची चूक असती तर पॅलेट चालू असताना काहीतरी झालं असतं.

आणि मग ती गुलाबी स्लिप. टेक्निशियन प्रत्येक भेटीनंतर तीन प्रतींचं पॅड भरतो. पांढरी कंपनीला, पिवळी पॅडमध्ये, गुलाबी आपल्याला. सोसायटीच्या फायलीत त्या सगळ्या गुलाबी प्रती टोचून ठेवलेल्या. पावसाळा लागायच्या आधीच्या स्लिपवर, कार्बनच्या फिकट अक्षरात, आमच्याच पॅलेटच्या नंबरापुढे लिहिलेलं: ‘रिअर लेफ्ट हुक स्टक. रिप्लेस करणे. क्वोटेशन ऑफिसकडून.’ खाली पोराची सही. तिच्या शेजारी आमच्या सेक्रेटरींची.

ही स्लिप म्हणजे दुधारी. कंपनीला महिनोन्‌महिने माहीत होतं, तिच्याच माणसाने तिच्याच कागदावर लिहिलं होतं. आकस्मिक बिघाडाची गोष्ट तिथेच संपली. पण सोसायटीलाही माहीत होतं. क्वोटेशन आलं होतं, आणि तीन क्वोटेशनांशिवाय खर्च मंजूर करायचा नाही या आपल्या पवित्र नियमामुळे कमिटीच्या मेलमध्ये पडून होतं. सेक्रेटरी मला म्हणाले, ‘ताई, ही स्लिप लावलीत तर आपणही अडकतो.’ मी म्हटलं, लावणार. मी गाडी रेषेच्या आत लावली होती, माझा स्वतःचा दोष असता तर भरपाई त्या प्रमाणात कापली गेली असती. इथे दोष दोघा तिऱ्हाइतांचा. अशा वेळी नुकसान झालेल्याने पूर्ण रक्कम दोघांपैकी कुणाकडूनही मागावी, वाटणी त्यांनी आपसात करावी, हे मोटार अपघातांच्या दाव्यांत सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये स्वच्छ सांगितलंय. शिवाय कंपनीचा दोष स्पेअर न बदलण्याचा नव्हताच, ते पैसे सोसायटीने द्यायचे होते. एक हुक लागत नाही हे कळल्यावर ते पॅलेट पॅनेलवरून लॉक करून ‘वापरू नये’ची पाटी लावायला काय खर्च होता? त्यानंतरच्या सगळ्या भेटींत त्या पॅलेटला ग्रीस लावून ‘वर्किंग’वर टिक केलेली. त्या धंद्यातल्या बऱ्यापैकी जाणकार माणसाने काय केलं असतं, हाच तर मापदंड असतो. इंजिनिअर म्हणाले, सेफ्टी हुक चालत नसेल तर मी पॅलेट एक दिवस चालू ठेवणार नाही.

नुकसानीचा हिशोब माझ्या घरचा, त्यामुळे थोडक्यात. विम्याला त्याच दिवशी कळवलं, सर्व्हे झाला. सर्व्हेअरचा रिपोर्ट हाच नुकसानीचा सगळ्यात भक्कम पुरावा, गॅरेजच्या एस्टिमेटवर कुणी विश्वास ठेवत नाही आणि ठेवूही नये. गाडी सहा वर्षांची, झीरो डेप (घसारा न कापणारं कव्हर) नाही. पत्र्याच्या पार्टवर चाळीस टक्के घसारा कापला, प्लास्टिकवर पन्नास, काचेवर काही नाही. वर सक्तीचे हजार रुपये, आणि पन्नास टक्क्यांवर पोचलेला नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) शून्य. विम्याने दिलं ते परत कंपनीकडे मागायचं नसतं, तो हक्क विमा कंपनीकडे जातो. मी मागितलं ते उरलेलं: घसारा, हजार रुपये, बोनस गेल्यामुळे पुढे वाढणारा हप्ता, गाडी गॅरेजात असतानाचं रिक्षा-टॅक्सीचं भाडं, इंजिनिअरची फी. मानसिक त्रासाचे पाच लाख वगैरे लिहा असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. फुगवलेला आकडा दिसला की समोरचा बाकीचे खरे आकडेही संशयाने बघतो, हे मी टेबलाच्या पलीकडे बसून पाहिलंय.

आयोगात जावं लागलं नाही. सेवेसाठी दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात फी नाही, आणि दोन वर्षांची मुदत असते, त्यामुळे घाई नव्हती. तक्रारीचा मसुदा, स्लिपची प्रत, हुकांचे फोटो आणि फुटेज असं सगळं एकत्र त्यांच्या वकिलांना पाठवलं. त्यानंतर कंपनीचे रीजनल मॅनेजर स्वतः आले, चहा घेतला, आणि ‘दोष मान्य न करता’ मागितलेली रक्कम थोडी घासाघीस करून दिली. त्यातला काही भाग सोसायटीने सोसला. त्यावरून सर्वसाधारण सभेत जी खडाजंगी झाली ती वेगळीच.

मग करार याच कंपनीकडे का ठेवला, असं विचाराल. मशीन त्यांच्याच बनावटीचं, स्पेअर दुसऱ्या कुणाकडे मिळत नाहीत. दुसऱ्या दोघांनी बघून हात वर केले. नव्या करारात मात्र तीन गोष्टी घातल्या. स्लिपवर सेफ्टीचा कुठलाही पार्ट लिहिला गेला की ते पॅलेट टेक्निशियनने तिथल्या तिथे लॉक करायचं. सेफ्टी पार्टचा खर्च सेक्रेटरी-खजिनदार मिळून तीन क्वोटेशनांशिवाय मंजूर करू शकतात. आणि कंपनीने तिऱ्हाइतांच्या नुकसानीसाठी काढलेल्या विमा पॉलिसीची प्रत सोसायटीला द्यायची.

पहिल्या दोन गोष्टी चालू आहेत. जुन्या पोराला मात्र दुसऱ्या भागात पाठवलंय. नवा येतो तो स्लिपवर सरसकट ‘ऑल ओके’ लिहितो, म्हणून चारही कोपरे बघितल्याशिवाय सही करू नका असं सेक्रेटरींना बजावलंय. पॉलिसीची प्रत अजून आलेली नाही, त्यामुळे दुसऱ्या सहामाहीचा चेक ऑफिसच्या ड्रॉवरमध्येच आहे.